महामार्गावरील ग्रीवाघात आणि भग्नचिकित्सा : येरमाळा परिसरातील अनुभव

येरमाळा म्हटले की भाविकांस येडेश्वरी देवी आठवते व वाहनचालकांस सोलापूर-धुळे महामार्ग. पूर्वी २११ क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आता ५२ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग बालाघाटाच्या डोंगररांगेतून येथे येतो. कळंब व बार्शी या दोन बाजूंचे रस्ते येथेच त्यास मिळतात. चौपदरीकरणानंतर मोटारींचा वेग वाढला. परंतु उसाची ट्रॉली, दुचाकीवर चाऱ्याचा भारा बांधून निघालेला शेतकरी आणि चैत्रात यात्रेकरूंनी भरलेली काळी-पिवळी जीप यांची चाल पूर्वीचीच राहिली. हे दोन वेग एकमेकांस जेथे भेटतात तेथे अपघात घडतात. मोठ्या अपघाताची बातमी होते, लहानाची होत नाही. मागून धक्का बसला, डिकी चेपली, थोडी बोलाचाली झाली, भरपाई जागेवरच ठरली आणि दोन्ही वाहने मार्गस्थ झाली. अशा अपघातांतील माणसे तिसऱ्या-चौथ्या दिवशी मानेवर हात ठेवून आमच्या चिकित्सालयात येतात. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

हे रुग्ण रुग्णवाहिकेतून येत नाहीत, स्वतःच्या पायांनी येतात. बहुतेकांनी येण्यापूर्वी औषधी दुकानातून वेदनाशामक गोळी व तेलाची बाटली नेलेली असते. काहींनी केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेतलेली असते. आपला व्यवसायबंधू त्यांना पाहतो, मान वळत नाही हे पाहून मन्यास्तंभाचे निदान करतो आणि अभ्यंग-स्वेदाची योजना करतो. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत आम्हीही हेच करीत होतो. त्यातील एका रुग्णाची हकिगत पुढे सांगणार आहोत. हा लेख लिहिण्यास तीच मुख्यतः कारणीभूत आहे.

हिसका कसा बसतो

प्रथम या आघाताचे स्वरूप पाहू. मोटार उभी आहे वा मंद गतीने चालली आहे आणि मागून दुसरे वाहन आदळते. आसन पुढे ढकलले जाते व त्यासोबत पाठ आणि खांदेही पुढे जातात. परंतु साडेचार ते पाच किलो वजनाचे मस्तक जडत्वामुळे क्षणभर जागीच राहते. या क्षणात, म्हणजे एका सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात, ग्रीवेचा खालचा भाग मागे वाकतो तर वरचा भाग पुढे वाकतो. ग्रीवेस असा दुहेरी बाक निसर्गतः कधीच पडत नाही. स्नायूंनी सावध होऊन मान आवळून धरावी इतका अवधीही नसतो. त्यामुळे ताण येतो तो मणक्यांच्या मागील बाजूस असणाऱ्या लहान सांध्यांच्या आवरणांवर, स्नायूंवर व कंडरांवर. पुढच्या क्षणी मस्तक पुढे फेकले जाते. मोटार थांबते तेव्हा माणूस सुस्थितीत दिसतो. स्तंभ व वेदना पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकट होतात.

अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये या गतीस चाबकाच्या फटक्याची उपमा दिली व ‘व्हिप्लॅश’ हा शब्द रूढ झाला. आपण केवळ गतीचे वर्णन केले होते, परंतु वैद्यांनी, रुग्णांनी व वकिलांनी त्यास व्याधीचेच नाव करून टाकले, अशी खंत त्यांनीच पुढे व्यक्त केली. आपल्याकडचा ग्रामीण रुग्ण या बाबतीत अधिक काटेकोर आहे. तो ‘मानेला हिसका बसला’ एवढेच सांगतो. हिसका हा हेतू झाला. त्यातून कोणती विकृती घडली हे शोधणे वैद्याचे काम आहे.

मन्यास्तंभ म्हणावे काय ?

सुश्रुताचार्यांनी मन्यास्तंभाची कारणे सांगताना दिवास्वाप, बसण्या-उभे राहण्यातील विकृती व सतत वर पाहणे यांचा उल्लेख केला आहे आणि कफाने आवृत झालेला वात ही त्याची संप्राप्ती मानली आहे. म्हणूनच तेथे रूक्ष स्वेद व नस्य यांना महत्त्व आहे. अपघातात हिसका बसलेल्या मानेत ही संप्राप्ती आरंभी नसते. येथे अभिघात आहे, सद्यःक्षत आहे, सूक्ष्म रक्तस्राव व शोथ आहे. अशा मानेचा विचार निदानस्थानाच्या पंधराव्या व चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आधारे, म्हणजे भग्नाच्या चौकटीत करावा, असे आमचे मत झाले आहे. सांधा निखळला नसला तरी उत्पिष्ट व विश्लिष्ट या संधिमुक्तप्रकारांची सौम्य लक्षणे त्यात दिसतात. शोथ, रात्री विशेष वाढणारी वेदना व सांध्याची असमर्थता ही त्यांपैकी प्रमुख होत. मन्यास्तंभ हा पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, उपेक्षेने वा अतिविश्रांतीने त्यावर चढणारा उपद्रव आहे. दोन्ही अवस्थांची चिकित्सा एक नव्हे. पहिल्या अवस्थेत स्वेद दिला तर शोथ वाढतो, दुसरीत नाकारला तर स्तंभ हटत नाही.

मर्मविचारही येथे विसरू नये. शिर व ग्रीवा यांच्या संधिस्थानी कृकाटिका नावाची दोन मर्मे वर्णिली आहेत व त्यांच्या आघाताने मस्तक अस्थिर होते असे सांगितले आहे. हिसका बसलेले काही रुग्ण ‘डोकं धडावर टिकत नाही, हातानं धरावं लागतं’ असे अगदी याच आशयाचे सांगतात. कण्ठाच्या दोन्ही बाजूंच्या नीला व मन्या या मर्मांच्या आघाताने मूकता, स्वरविकृती व रसग्रहणाचा नाश होतो असे वचन आहे. अपघातानंतर आवाज बदलला किंवा घास गिळताना अडचण आली तर ती बाब घशाची समजून गुळण्या सांगू नयेत. मानेतील रक्तवाहिनीस वा अन्य अवयवास इजा झाल्याची ती सूचना असू शकते.

आमची चूक

व्यवसायाचे चौथे वर्ष होते. कळंबकडील एक टेम्पोचालक, वय चाळिशीच्या आतबाहेर, अपघाताच्या तिसऱ्या दिवशी आला. उभ्या टेम्पोस मागून ट्रकने धडक दिली होती. त्याच दिवशी एका रुग्णालयात मानेचा एक्स-रे काढून ‘हाड ठीक आहे’ असे त्यास सांगण्यात आले होते. ती फिल्म त्याने पिशवीतून काढून आमच्या हाती दिली. आम्ही ती खिडकीकडे धरून पाहिली व परत दिली. उजव्या अंगठ्यास व तर्जनीस मुंग्या येतात असे तो म्हणाला होता. ते आम्ही ऐकले, केसपेपरवर लिहिलेही, आणि वातप्रकोपाचे लक्षण मानून पुढे गेलो.

महानारायण तेलाचा अभ्यंग झाला, नाडीस्वेद झाला. शेवटी सवयीने आम्ही त्याचे मस्तक दोन्ही हातांनी धरून हळू उजवीकडे वळवले. तो ओरडला नाही. ‘डॉक्टर, हातातून करंट गेला बघा,’ एवढेच म्हणाला व त्याच्या हातातील पंचा खाली पडला.

आम्ही जागीच थांबलो. त्यास पाठीवर आडवे केले, मस्तकाच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पुरचुंड्या ठेवल्या, मान हलवू न देता गाडीत घातले व स्वतः सोबत बसून सोलापूरला नेले. तेथील तपासणीत ग्रीवेच्या खालच्या भागातील मणक्यास भंग होऊन तो किंचित पुढे सरकला असल्याचे दिसले. शस्त्रक्रिया झाली. तो वाचला, चालता-फिरता झाला. परंतु उजव्या हाताची पकड पूर्ववत झाली नाही आणि त्याने टेम्पो विकला. आमच्या हाताने किती नुकसान झाले व अपघाताने किती, हे कोणी सांगू शकत नाही. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही, ही गोष्ट आम्हांस अधिक जड जाते.

ती फिल्म नंतर आम्ही पुन्हा मागून घेतली. तीत वरचे पाच मणके स्पष्ट होते. सहावा अर्धवट व सातवा खांद्यांच्या सावलीत पूर्ण बुडालेला होता. बाजूने घेतलेल्या चित्रात सातवा ग्रीवा-मणका व त्याखालील पहिला पृष्ठ-मणका यांचा सांधा दिसल्याशिवाय ते चित्र अपुरे समजावे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पदवी परीक्षेच्या वेळी हे पाठ केले नव्हते असे नाही.

कोणत्या मानेस हात लावावा

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. अपघाताचा रुग्ण आला की प्रथम प्रश्न, मग नेत्र, मग बोटे आणि तेल सर्वांत शेवटी. कॅनडातील वैद्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रीवा-तपासणीचा नियम यासाठी अतिशय उपयुक्त आहे व खेड्यातील टेबलावरही तो वापरता येतो. मात्र तो पूर्ण शुद्धीवर असलेल्या, मद्यपान न केलेल्या व सलग उत्तरे देणाऱ्या रुग्णासाठीच आहे हे ध्यानात ठेवावे. वय ६५ वा अधिक असेल, हातापायांत मुंग्या वा बधिरता असेल किंवा आघात धोकादायक असेल, तर मान हलवून पाहूच नये, प्रतिमाचित्रणासाठी पाठवावे. तीन फुटांवरून वा त्याहून उंचीवरून पडणे, मस्तकावर सरळ आघात, वाहन उलटणे, वाहनाबाहेर फेकले जाणे व अतिवेगातील धडक हे धोकादायक आघात होत. यांपैकी काही नसेल तर पुढील प्रश्न येतो. धडक साधी, मागून झालेली होती काय, रुग्ण अपघातानंतर चालला काय, वेदना उशिरा सुरू झाली काय, मणक्यांच्या मधल्या रेषेवर दाबल्यास दुखत नाही ना ? यांपैकी एकाचे जरी उत्तर अनुकूल असेल तर रुग्णास स्वतःच मान डावीकडे व उजवीकडे ४५ अंश वळवण्यास सांगावे. वळली तर चित्रणाची गरज नाही. वळली नाही तर पाठवावे.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. ट्रक वा बसने मागून दिलेली धडक या नियमात ‘साधी’ गणली जात नाही. आमचा टेम्पोचालक दोन ठिकाणी या नियमात अडकला असता, मुंग्यांमुळे व ट्रकमुळे. नियम तेव्हा प्रसिद्ध झालेला होता, आमच्या वाचनात नव्हता.

१९९५ मध्ये कॅनडातील क्विबेक प्रांताच्या अभ्यासगटाने या आघाताची श्रेणी ठरवून दिली, तीही केसपेपरवर लिहिण्याची सवय ठेवावी. पहिल्या श्रेणीत केवळ वेदना व ताठरता, दुसरीत त्यासह मानेची गती कमी होणे व दाबल्यावर विशिष्ट ठिकाणी दुखणे, तिसरीत बल, स्पर्शज्ञान वा प्रतिक्षिप्त क्रिया यांतील न्यूनता आणि चौथीत भंग वा संधिमुक्ती. आयुर्वेदीय चिकित्सालयाच्या कक्षेत पहिल्या दोन श्रेणी निःसंशय येतात. तिसरीत तज्ज्ञाच्या सल्ल्याने पूरक चिकित्सा करता येते. चौथीत आपले काम मान स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे एवढेच आहे, आणि ते लहान काम नव्हे.

मराठवाड्यातील वाचकांस ३ जून २०१४ ची सकाळ आठवत असेल. तत्कालीन केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथराव मुंडे यांच्या मोटारीस दिल्लीत दुसऱ्या मोटारीची धडक बसली. ते मागील आसनावर होते. बाहेरून फारशी जखम दिसत नव्हती. परंतु शवविच्छेदनात मानेच्या मणक्यांची व यकृताची गंभीर दुखापत आढळली. बीड जिल्ह्यातून सोलापूरकडे जाणारी वाहने याच आमच्या रस्त्याने जातात, त्यामुळे त्या आठवड्यात चिकित्सालयात दुसरा विषय नव्हता. बाह्य जखम नसलेली मान निर्धोक असते हा समज त्या वेळी पुष्कळांचा गेला. आमच्या मते मात्र पुरेसा गेला नाही. कारण ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीच्या अपघातात जे दोघे दगावले ते मागील आसनावर, पट्टा न बांधता बसलेले होते.

पट्ट्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पुढून वा बाजूने होणाऱ्या धडकेत पट्टा प्राण वाचवतो. मागून बसणाऱ्या हिसक्यापासून मानेस वाचवते ती आसनावरील डोके टेकण्याची उशी, आणि तीही योग्य उंचीवर असेल तरच. तिची वरची कड निदान कानाच्या वरच्या टोकाइतकी, शक्यतो डोक्याइतकी उंच असावी व मस्तक तिच्या जवळ असावे. आमच्या रुग्णांच्या मोटारी आम्ही दारात उभे राहून पाहतो. उशी बहुधा तळाशी दाबलेली असते, किंवा काढून घरी सोफ्यावर ठेवलेली असते. काळी-पिवळीत बहुधा ती नसतेच.

सात रात्री

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत ग्रीवेचा स्वतंत्र विचार केला आहे. मान वळली असेल किंवा खाली दबली असेल तर अवटू, म्हणजे मानेची मागील बाजू, व हनु यांना धरून रुग्णास वर उचलावे, समप्रमाणात कुशा लावाव्यात, वस्त्रपट्टाने वेष्टन करावे आणि सात रात्री उताणे निजवावे, असा तो विधी आहे. यातील उचलण्याचा भाग आज आपल्या चिकित्सालयात कोणीही करू नये. ते काम शल्यगृहातील, चित्रण समोर ठेवून करण्याचे आहे. परंतु कालमर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे. सरकलेल्या मानेसही आचार्य सात रात्रीच देतात. मग ज्या मानेचा सांधा जागेवर आहे, तिला दोन-दोन महिने पट्ट्यात का ठेवावे ? गेल्या काही दशकांतील संशोधनही याच दिशेने गेले आहे. पहिल्या दोन श्रेणींच्या रुग्णांत दीर्घकाळ पट्टा व विश्रांती यांपेक्षा लवकर, सौम्य हालचाल हितकर ठरते.

आमची पद्धती अशी आहे. पहिले तीन-चार दिवस स्वेद नाही, मर्दन नाही. मंजिष्ठा, यष्टीमधु व रक्तचंदन यांचा शतधौत घृत व तांदळाच्या पिठासह लेप भग्नाधिकारात सांगितला आहे, तो पातळ लावतो. पोटात लाक्षादी गुग्गुळ ५०० मि.ग्रॅ. दोन वेळा व दशमूळ काढा. हृद्रोगासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास गुग्गुळकल्प टाळतो. प्रवास, दुचाकी व डोक्यावरील ओझे वर्ज्य. मात्र रुग्णास खाटेला खिळवत नाही. जागेपणी दर दोन तासांनी, दुखण्याच्या अलीकडेपर्यंत, मान स्वतःच सावकाश दोन्ही बाजूंस वळवण्यास पहिल्या दिवसापासून सांगतो.

पाचव्या दिवसानंतर शोथ उतरला असेल तर बला तैल किंवा महानारायण तेल कोमट करून केवळ चोळावे, दाबू नये. स्तंभ राहिल्यास वालुकापोट्टलीने रूक्ष स्वेद. येथे मन्यास्तंभाची चिकित्सा तिच्या योग्य जागी येते.

नस्य व मन्याबस्ती यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे व्यवसायबंधूंकडून घाई होते. नस्यासाठी आपण रुग्णास उताणे निजवून मस्तक मागे झुकवतो. हिसक्यात मानेचा खालचा भाग ज्या दिशेने ताणला गेला तीच ही स्थिती आहे. त्यामुळे पहिले तीन आठवडे आम्ही या स्थितीत नस्य देत नाही. खांद्याखाली उशी न घेता, मान सरळ ठेवून, अणुतैलाचे दोन थेंब प्रतिमर्श म्हणून देतो. मन्याबस्तीसाठी रुग्ण पालथा निजतो व तोंडाला जागा नसल्यास अर्धा तास मान एका बाजूस वळवून पडतो. उडदाच्या पिठाची पाळ उत्तम जमली, तेलही उत्तम कोमट राहिले आणि उठताना रुग्णास मान सरळ करता येईना, असे आमच्याकडे घडलेले आहे. तोंडासाठी खाच असलेले टेबल करून घेण्यास गावच्या सुताराने एका दिवसापेक्षा अधिक वेळ घेतला नाही. ते नसल्यास रुग्णास खुर्चीवर बसवून कपाळ समोरच्या उशीवर टेकवावे. दुसऱ्या आठवड्यापूर्वी मन्याबस्ती करूच नये.

पथ्याबाबत आचार्यांनी लवण, कटु, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, ऊन व व्यायाम वर्ज्य सांगून दूध, तूप, मांसरस व बृंहण आहार सांगितला आहे. आमच्या भागात कडक भाकरी, ठेचा व कोरडी चटणी हाच आहार असल्याने हा बदल समजावून सांगावा लागतो. त्यास एक व्यावहारिक कारणही आहे. हिसक्यात अनेकांचा जबडा दुखावतो व चावताना वेदना मानेत जाते. भाकरी दुधात कुस्करून खाण्यास सांगावे.

या उपचारांनी आमचे पहिल्या दोन श्रेणींतील बहुतेक रुग्ण सहा ते आठ आठवड्यांत कामावर गेले. यांतील किती औषधाने व किती निसर्गाने बरे झाले याचा तुलनात्मक हिशेब आम्ही ठेवलेला नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. आचार्य सांधा स्थिर होण्यास बालवयात एक, मध्यमवयात दोन व उत्तरवयात तीन महिने सांगतात. रुग्णास आम्ही हीच मुदत आरंभी सांगतो.

औषधी दुकानदार बंधूंस

रुग्ण आमच्याआधी आपल्याकडे येतो. तेलाची बाटली देण्यापूर्वी आपण दोनच प्रश्न विचारावेत अशी विनंती आहे : ‘अपघात झाला होता का ?’ आणि ‘हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा आहे का ?’ दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल तर बाटली देऊ नये, रुग्णास पाठवावे. अपघातानंतर वारंवार वांती, गुंगी, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी असल्यास तर घरीही पाठवू नये. मानेचा पट्टा विकताना माप घ्यावे. हनुवटी वर ढकलणारा उंच पट्टा मान मागे वाकवतो व वेदना वाढवतो. काही दिवसांनी तो काढावयाचा आहे हेही सांगावे. पट्टा परत आणून देणारा ग्राहक क्वचितच भेटतो, याची आम्हांस कल्पना आहे.

केशकर्तनालयातील मान मोडण्याविषयी आम्ही गावातील व्यावसायिकांशी स्वतः बोललो. रागावून नव्हे, कारण ती त्यांची ग्राहकाप्रति आपुलकी असते. हिसका बसलेल्या मानेत रक्तवाहिनीचे आतील आवरण आधीच फाटलेले असू शकते व त्यावर एक झटका पक्षाघातास पुरेसा होतो, हे समजल्यावर त्यांतील दोघांनी ती प्रथा बंद केली. तिसऱ्याने ‘अपघात झालाय का’ हे विचारण्यास सुरुवात केली, तेही आम्हांस पुरेसे वाटले.

भय व भरपाई

सर्वच रुग्ण लवकर बरे होत नाहीत. जगभरातील अभ्यास पाहता, सुमारे निम्म्या रुग्णांत वर्षानंतरही काही ना काही मानदुखी शिल्लक राहते. कोणाची राहते ? आरंभी ज्याची वेदना तीव्र होती त्याची, आणि ज्याच्या मनात अपघाताचे भय घर करून राहिले त्याची. लिथुआनिया या देशात, जेथे त्या काळी विम्याची भरपाई फारशी मिळत नसे, मागून धडक बसलेल्या २०२ व्यक्तींची एक ते तीन वर्षांनी पाहणी झाली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्यात व अपघात न झालेल्यांत दीर्घकालीन मानदुखीचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. यावरून काहींनी हा सारा दाव्याचा खेळ आहे असा निष्कर्ष काढला. आम्हांस तो मान्य नाही. ज्या शेतमजुरास भरपाईचा शब्दही ठाऊक नाही त्याची मान आम्ही चार महिने दुखताना पाहिली आहे. परंतु वेदनेचा अर्थ रुग्ण काय लावतो याचा परिणाम वेदनेवर होतो, एवढे त्यातून नक्की घ्यावे. रोग वाढवणाऱ्या भावांत चरकाचार्यांनी विषादास अग्रस्थान दिले आहे.

म्हणून शब्द जपून वापरावेत. ‘मणका सरकला’, ‘शीर दबली’, ‘आता जन्मभर जपावे लागेल’ ही वाक्ये चित्रणात पुरावा नसताना उच्चारू नयेत. न्यायालयीन दाव्यासाठी प्रमाणपत्र मागितले गेल्यास प्रथम तपासणीची तारीख, मानेची गती, श्रेणी व दिलेली चिकित्सा एवढेच लिहावे; सहानुभूतीने वाढवू नये व संशयाने घटवू नये. यासाठी पहिल्या दिवसाचा केसपेपर पूर्ण भरलेला असणे हाच उपाय आहे.

एका रुग्णेचा उल्लेख करून थांबतो. वय पन्नाशीच्या पुढे, बार्शीकडून येताना जीपला मागून धक्का बसलेला. चित्रण निर्दोष, श्रेणी दुसरी. सहा आठवडे झाले तरी पट्टा सुटेना. पट्टा काढला की मान गळून पडेल असे तिला वाटे, आणि घरातील मंडळी तिला वाकू देत नसत. चैत्र जवळ आला होता. पौर्णिमेच्या यात्रेत पालखी आमराईकडे निघते तेव्हा शेतात चुनखडी वेचण्याची येथील परंपरा वाचकांस ठाऊक आहेच. ‘डॉक्टर, यंदा वेचायला जाता येईल का ?’ असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, ‘मावशी, जायचंच आहे. पण त्याआधी पंधरा दिवस घरी सराव करायचा.’ अंगणात दहा खडे टाकायचे व गुडघ्यांत वाकून, मान न ताणता, एकेक उचलायचा. दुसऱ्या दिवशी पंधरा. पट्टा पहिल्या दिवशी अर्धा तास काढायचा, मग एक तास. सोबत तेल व वालुकास्वेद चालू होताच.

यात्रेनंतर आठवड्याने ती आली. पट्टा पिशवीत होता. पदराच्या गाठीतून तिने चुनखडीचे चार खडे काढून आमच्या टेबलावर ठेवले आणि नातीच्या खोकल्यासाठी औषध मागितले.